फोनची स्क्रीन-बॅटरी बाहेर बदलून घेताना: टापकीर गल्लीत काय विचारायचं, काय तपासायचं

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या टापकीर गल्लीत एकाच फोनच्या स्क्रीनचे तीन दुकानांत तीन भाव ऐकू येतात आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा भाव चौथाच निघतो. लगेच कोणाला चोर ठरवू नका. बहुतेक वेळा चौघं चार वेगवेगळ्या वस्तूंचा भाव सांगत असतात, फक्त चौघंही तिला ‘ओरिजिनल’ म्हणतात. बुधवार पेठेत हा शब्द इतक्या अर्थांनी चालतो की तो ऐकून काहीच कळत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी दोन प्रश्न वेगळे करून ठेवा: पार्ट कसा आहे, आणि तुमचा फोन तो पार्ट मान्य करणार का? पहिल्याचं उत्तर दुकानदाराकडे असतं, दुसऱ्याचं कंपनीकडे.

फोन पार्ट का नाकारतो

स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा, बोटाचा ठसा घेणारा सेन्सर यांतल्या अनेकांमध्ये आता एक छोटी चिप असते आणि तिच्यात त्या पार्टचा स्वतःचा क्रमांक. कारखान्यात तो मदरबोर्डशी, म्हणजे फोनच्या मुख्य सर्किट बोर्डाशी, जोडला जातो. पार्ट बदलला की बोर्ड क्रमांक तपासतो. जुळला नाही तर फोन इशारा दाखवतो किंवा एखादी सोय बंद करतो. नवा क्रमांक नोंदवून घेणारं सॉफ्टवेअर कंपनीच्या हातात असतं आणि सगळा वाद इथेच आहे. पार्ट नकली असल्यामुळेच इशारा येतो असं नाही. दोन कोऱ्या आयफोन १३ च्या स्क्रीन आपसात बदलल्या तरी इशारा येत असे.

आयफोनमध्ये ही कुलपं सगळ्यात कडक. ५एस पासून ८ पर्यंतच्या फोनचं होम बटण बोर्डाशी बांधलेलं आहे. बाहेर बदललं की ठसा चालत नाही. २०१६ मध्ये असं बटण किंवा स्क्रीन बाहेर बदललेले फोन अपडेटनंतर ‘एरर ५३’ दाखवून ठप्प झाले. ॲपलला सुधारित अपडेट द्यावं लागलं आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने याच प्रकरणात ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. एक्सएस आणि एक्सआर पासून बॅटरीचा इशारा आला, ११ पासून स्क्रीनचा, १२ पासून कॅमेऱ्याचा. १३ मध्ये तर बाहेर स्क्रीन बदलली की फेस आयडीच बंद पडायचा. बोंबाबोंब झाल्यावर आयओएस (आयफोनची सिस्टीम) १५.२ मध्ये ते मागे घेतलं गेलं. आयओएस १८ पासून पकड आणखी थोडी सैल झाली आहे. ज्या मॉडेलना ही सोय आहे त्यांत दुसऱ्या आयफोनमधून काढलेला अस्सल पार्ट फोनवरच नोंदवता येतो. मात्र तो ज्या फोनमधला आहे त्याला मूळ मालकाच्या खात्याचं कुलूप असेल, तर पार्टही अडतो.

स्क्रीनचा इशारा लॉक स्क्रीनवर पहिले ४ दिवस आणि सेटिंग्जच्या पहिल्या पानावर १५ दिवस दिसतो. मग तो ‘अबाउट’मध्ये जाऊन बसतो. फोन त्याने बंद पडत नाही, पण जुना फोन विकताना गिऱ्हाईक तेच पान उघडतं.

अँड्रॉइडमध्ये कुलपं कमी, अडचणी वेगळ्या. स्क्रीनखाली प्रकाशाने ठसा घेणारा सेन्सर असेल तर त्याला आरपार दिसणारी ओएलईडी (जिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो ती स्क्रीन) लागते. तिथे स्वस्तातली एलसीडी (मागच्या दिव्याने उजळणारी) बसवली की ठसा संपला. ओएलईडी बसवूनही काही मॉडेलमध्ये सेन्सर नव्याने कॅलिब्रेट करावा लागतो.

घरून निघताना

*#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहून घ्या आणि बॅकअप घ्या. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ आहे. तो चालू केला की कारागिराला तुमचे फोटो न दिसता फोन तपासता येतो. आयफोनचा पासकोड चिठ्ठीवर लिहून देऊ नका, चाचणी समोरच करून घ्या. चार्जिंग २५ ते ३० टक्क्यांवर आणा. भरलेल्या लिथियम बॅटरीला चुकून टोक लागलं तर पेट मोठा घेते, उतरलेलीला कमी.

आणि ‘चार्जच होत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी फोन बंद करून टूथपिकने चार्जिंगचं भोक हलकेच साफ करा. खिशातली लव आत दाबून बसलेली असते. एवढं करूनही चार्ज झाला नाही तरच सीसी (चार्जिंग कनेक्टर) बदलायचा विचार करा.

स्क्रीन: कोणती, हे नेमकं विचारा

‘कॉम्बो’ किंवा ‘फोल्डर’ म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र. त्याचे प्रकार असे विचारायचे.

सर्व्हिस पॅक: कंपनीच्याच पुरवठ्यातला, बहुधा फ्रेमसकट. सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी कटकटीचा.

काढलेला: दुसऱ्या फोनमधला अस्सल डिस्प्ले, बरेचदा वरची काच नवी बसवलेला. चांगल्या हाताने केला असेल तर पैसे वसूल.

सॉफ्ट आणि हार्ड ओएलईडी: दोन्ही बाहेरच्या उत्पादकांचे. सॉफ्टचा पाया मूळ पार्टसारखा लवचिक प्लॅस्टिकचा, हार्डचा काचेचा. त्यामुळे फोन पडला की हार्ड लवकर जातो.

इनसेल किंवा टीएफटी: एलसीडी. सगळ्यात स्वस्त. जाडी थोडी जास्त असल्याने कडा वर राहते, आणि ओएलईडीच्या जागी लावली तर बॅटरीही जास्त खाते.

दुकानदार एलसीडीला ओएलईडी म्हणत असेल तर ओळखायची पद्धत सोपी आहे. पूर्ण काळं चित्र उघडा आणि स्क्रीनवर हाताची ओंजळ धरून अंधार करा. ओएलईडी ठार काळी दिसते, एलसीडी राखाडी उजळते.

फक्त वरची काच फुटली असेल, टच आणि चित्र शाबूत असेल, तर कॉम्बो घेऊ नका, ‘ओसीए ग्लास’ विचारा. यात गरम पाटावर ठेवून बारीक तारेने काच सोडवतात, जुना गोंद साफ करतात आणि नवी काच पारदर्शक चिकट शीटने दाबून बुडबुडे काढतात. कडा वळलेल्या ओएलईडीवर हे काम जोखमीचं आहे. तार किंवा उष्णता जरा जास्त झाली की हिरवी उभी रेघ येते आणि डिस्प्ले गेला. तसं झालं तर भरपाई कोण करणार, हे काम सुरू होण्याआधी ठरवा, नंतर नाही.

समोर उभं राहून काय बघायचं

फोन उघडल्यावर कारागिराने सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायला हवा. तो जोडलेला असताना डिस्प्लेची पट्टी काढली-लावली तर एलसीडीच्या बॅकलाइटच्या सर्किटमधला फिल्टर जळतो. मग कॉम्बो नवा आणि स्क्रीन काळीच. पुढचं म्हणणं ठरलेलं असतं: ‘तुमच्या बोर्डातच प्रॉब्लेम होता.’ दुसरी खूण स्क्रूंची. काढले त्या क्रमाने ते चुंबकी मॅटवर ठेवतोय का, बघा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला तर खालच्या बोर्डाचे ट्रॅक कापले जातात. हा बिघाड महागडा आहे आणि निव्वळ निष्काळजीपणाचा.

आयफोन एक्स ते १२ मध्ये इअरपीसची पट्टी जुन्या स्क्रीनवरून नव्यावर हलवावी लागते. तिच्यावर फेस आयडीला लागणारा भाग आहे. ती फाटली की फेस आयडी गेला, दुसऱ्या फोनची पट्टी लावून तो परत येत नाही. कामाआधी फेस आयडी चालतोय हे कारागिराला दाखवा, काम झाल्यावर त्याच्यासमोरच पुन्हा तपासा. ट्रू टोनसाठी (भोवतालच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग आपोआप जुळवणारी सोय) प्रोग्रामर नावाचं यंत्र असतं. ते जुन्या स्क्रीनच्या चिपमधली माहिती वाचून नव्या चिपमध्ये लिहितं. म्हणजे जुनी स्क्रीन किमान इतकी जिवंत हवी की तिची चिप वाचता येईल. इशाराच येऊ नये म्हणून जुन्या स्क्रीनची चिप काढून नव्यावर बसवणारेही आहेत. ते बारीक सोल्डरिंगचं काम आहे, कालपरवा दुकान टाकलेल्याकडे देऊ नका.

गोंद लावण्याआधी स्क्रीन नुसती जोडून चाचणी घ्या. चिकटवल्यावर दोष सापडला तर तोच कॉम्बो काढताना फुटू शकतो. एखादं आयकॉन बोटाने धरून, बोट न उचलता, आडव्या-उभ्या रेघांत सगळ्या स्क्रीनवर फिरवा. जिथे ते सुटेल तिथे टच मेला आहे. सॅमसंगमध्ये *#०*# आणि शाओमीत *#*#६४८४#*#* डायल केलं की चाचणीचं पान उघडतं. फोन लावून कानाशी धरा, स्क्रीन विझली पाहिजे. दुकानाबाहेर उन्हात येऊन वाचता येतं का बघा, गल्लीच्या सावलीत सगळ्याच स्क्रीन छान दिसतात.

टी-७००० किंवा बी-७००० गोंद लावल्यावर फोन काही तास क्लिपांत धरून ठेवावा लागतो आणि पूर्ण सुकायला २४ ते ४८ तास जातात. कारखान्यातलं पाणीबंद सील गेलं ते गेलंच. जुलैच्या पावसात फोन हँडलला लावून सिंहगड रोडने निघायची सवय असेल तर ती सोडा. कॅमेऱ्यासाठीही ते वाईटच. मोटारसायकलच्या इंजिनच्या तीव्र थरथरीने कॅमेऱ्याची स्थिरता बिघडू शकते, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच लिहून ठेवलं आहे.

बॅटरी

बॅटरीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) खूण आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. मानक आयएस १६०४६. उत्पादनाची तारीख असेल तर वाचा, कारण लिथियम बॅटरी कपाटात पडूनही म्हातारी होते. मूळ बॅटरीपेक्षा बरीच जास्त क्षमता त्याच आकारात लिहिलेली असेल तर तो आकडा फक्त स्टिकरवरचा आहे.

जुनी बॅटरी खालच्या चिकटपट्टीने ओढून निघते. पट्टी तुटली तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून, थांबून, प्लॅस्टिकच्या कार्डाने उचलायची. धातूची पट्टी खुपसणाऱ्याला तिथेच थांबवा. फुगलेली बॅटरी दाबून ‘बसवायची’ नसते. आयफोनमध्ये जुन्या बॅटरीचा छोटा सर्किट बोर्ड नव्या सेलला स्पॉट वेल्डिंगने जोडून इशारा टाळतात. जोड नीट झाला तर चालतं. पण वेल्डिंगची जागा सोल्डरिंग गनने घेतली असेल तर घेऊ नका, सेलला तेवढी उष्णता सोसत नाही.

कंपन्यांचं म्हणणं आणि कायदा

कुलपांमागे कंपन्या तीन कारणं देतात: चोरीच्या फोनचे पार्ट बाजारात येतात, ठसा-चेहरा ही सुरक्षेची बाब आहे, आणि हलक्या बॅटऱ्या पेटतात. तिन्हींत तथ्य आहे. पण स्क्रीनचा रंग आपोआप जुळवण्यात सुरक्षा कुठली? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात म्हटलं की, दुरुस्तीवरच्या बंधनांसाठी कंपन्या देतात त्या कारणांना फारसा पुरावा नाही. ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये पार्ट असे बांधून ठेवण्याविरुद्ध कायदा केला. युरोपात २० जून २०२५ पासून नव्या फोनच्या मॉडेलचे महत्त्वाचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही ७ वर्षं पुरवणं बंधनकारक आहे.

आपल्याकडे मोटारींत हा वाद आधीच झाला. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजना न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. फोनसह इतर वस्तूंसाठी केंद्राने २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं. पोर्टल आहे, कायदा नाही. तोवर वॉरंटीतला फोन बाहेर उघडू नका, सर्व्हिस सेंटरलाच न्या. वॉरंटी संपल्यावर बाहेरचं गणित बसतं.

बिल

बिलावर आयएमईआय, पार्टचा प्रकार (नुसतं ‘डिस्प्ले’ नाही, ‘सॉफ्ट ओएलईडी’ किंवा ‘सर्व्हिस पॅक’), त्यावरची मुदत आणि कामाआधी चालू असलेल्या गोष्टी लिहून घ्या. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हा सौदा स्वस्त नाही. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित प्रथा आहे. ‘एकदा लावलेला पार्ट परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पुणेरी असली तरी कायद्याच्या वर नाही. सदोष वस्तू मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही त्याच व्याख्येत बसतं. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, पुढे जिल्हा ग्राहक आयोग. आयोगाकडे तक्रार करायची मुदत २ वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

जुना पार्ट मागून घ्या. बॅटरी असेल तर टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्याच्या डब्यात नाही. स्क्रीन असेल तर आधी भाव विचारा. अस्सल ओएलईडी चालू असून फक्त काच फुटली असेल, तर नवी काच लावून तीच पुढे ‘काढलेला ओरिजिनल’ म्हणून विकली जाते. कंपनी सुटा पार्ट मोकळेपणाने विकत नाही तोवर या गल्लीतला अस्सल माल बराचसा अशाच फुटक्या स्क्रीनमधून येतो. ‘जुनी इथेच राहू द्या’ असं कारागीर म्हणाला, तर तेवढी रक्कम बिलातून वजा करायला सांगा.