पावसाळी ट्रेकला रेनकव्हरवर विसंबू नका
क्लबसोबत पहिल्यांदाच कळसूबाईला चाललात ना, मग सॅकला रेनकव्हर आहे म्हणून निवांत राहू नका, कारण ते फक्त बाहेरून झाकतं आणि पाणी येतं पाठीकडून, मानेवरून ओघळत पट्ट्यांतून थेट आत. काळी मोठी कचऱ्याची पिशवी घ्या, सॅकच्या आत अस्तरासारखी घाला, सगळं सामान त्यात आणि तोंड पिळून खाली दुमडा, गाठ नको, ओल्या बोटांनी सुटत नाही. मी हे शिकले ते एका कॅम्पला, स्लीपिंग बॅग पिळल्यावर तांब्याभर पाणी निघालं आणि रात्रभर दातावर दात.

कोरडे मोजे न् टीशर्ट वेगळ्या पिशवीत, ते चढताना अजिबात काढायचे नाहीत, खाली उतरून बसमध्ये बसल्यावरच. वर शिखरावर, १६४६ मीटरवर, वारा फार बोचरा असतो, त्यामुळे विंडचीटर मात्र सगळ्यात वर ठेवा, हाताला लगेच लागला पाहिजे. वाटेतल्या लोखंडी शिड्यांपाशी गर्दी असली की वीस मिनिटं नुसतं उभं राहावं लागतं, अंग तिथेच गार पडतं. आणि लीडरला तुमचा दमा, गुडघा जे काय असेल ते बेस व्हिलेजलाच, म्हणजे पायथ्याच्या गावातच सांगा प्लीज, लाजू नका.