सॉफ्ट रॉकमध्ये स्वतः लिहून गाणाऱ्यांसाठी काही अनुभवाचे बोल

या क्षेत्रात येऊ पाहणारे बहुतेक जण आधी आवाजाची चिंता करतात. अनेक वर्षे याच कामावर उपजीविका केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, टिकाऊ मिळकत गळ्यापेक्षा लेखणीतून येते. अमेरिकन गायिका-गीतकार कॅरोल किंग १९६० च्या दशकात मुख्यतः इतरांसाठी गाणी रचत होती. १९७१ मध्ये आलेला तिचा ‘टॅपेस्ट्री’ हा अल्बम अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या अल्बम-यादीत सलग १५ आठवडे अग्रस्थानी राहिला, आणि त्यातलेच एक गाणे गायक जेम्स टेलरने गायले, तेव्हा तेही त्याच वर्षी बिलबोर्डच्याच गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. गायक टेलर असला, तरी रचनेचा मोबदला किंगलाही मिळणार होता.

याचे कारण असे की, एका गाण्यात दोन स्वतंत्र हक्क असतात: एक शब्द आणि चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. मुद्रणाचा खर्च कंपनी करते, तेव्हा दुसरा हक्क बहुधा तिच्याकडे जातो. पहिला मात्र करार नीट वाचल्याशिवाय सही करून सोडू नये. सहकाऱ्यासोबत गाणे रचले असेल, तर कोणाचा किती वाटा हे त्याच दिवशी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. गाणे गाजल्यावर सर्वांचीच स्मरणशक्ती आपापल्या सोयीची होते.

कारागिरीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. या शैलीत वाद्ये कमी आणि आवाज मृदू असल्यामुळे शब्द लपत नाहीत. म्हणून कडवे गिटारशिवाय नुसते म्हणून पाहावे आणि बोलताना जिथे जोर येतो, तिथेच ठेक्याची मात्रा पडते का, ते तपासावे. पट्टी ठरवताना स्टुडिओतल्या ताज्या गळ्यावर विसंबू नये. दीड तासाच्या कार्यक्रमाच्या शेवटी, थकलेल्या आवाजातही ध्रुवपदाचा वरचा सूर लागेल, अशी पट्टी मी निवडतो. गिटारवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारी चाप) वर सरकवला की ओळखीच्याच कॉर्डांच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या) बोटांच्या आकारांत वरची पट्टी मिळते. पट्टी उतरवायची असेल, तर आकार बदलावे लागतात किंवा तारा खाली लावाव्या लागतात.

कार्यक्रमांचे मानधन सुरुवातीला तुटपुंजेच असते. मात्र अनेक देशांतील हक्कसंस्था (रचनाकारांच्या वतीने शुल्क गोळा करणाऱ्या संस्था) मंचावर गायलेल्या स्वरचित गाण्यांसाठीही रचनाकाराला स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) देतात; अट एवढीच की, तो सभासद असावा आणि गाण्यांची यादी त्याने मुदतीत पाठवलेली असावी. ही यादी मी त्याच रात्री भरतो.