आज्जा फौजेत होते, आता शेती करतात: त्यांची गोष्ट कशी लिहून काढायची

आमच्याकडं सोलापूर जिल्ह्यात बऱ्याच गावात एक तरी म्हातारा असतोच जो पंधरा-वीस वर्षं फौजेत काढून आला आणि परत बैलामागं लागला. आमच्या घरात आमचे आण्णा, म्हणजे आज्जा. मागच्या दोन वर्षांत मी त्यांची सगळी गोष्ट वहीत उतरवली, चुका पण भरपूर केल्या, त्यामुळं कुणाला करायचं असेल तर आधी हे वाचा.

पहिली चूक म्हणजे मी मोबाईल समोर ठेवून सरळ विचारलं, आण्णा युद्धाचं सांगा की. आण्णा म्हणले, "काय सांगायचं, झालं युद्ध." संपला इंटरव्ह्यू. दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या पोरानं तर "तुमी किती मारले?" विचारलं, तेव्हापासून आठवडाभर ते माझ्याशी पण नीट बोलले नाहीत. तर हा प्रश्न घरातल्या कुणालाच विचारू देऊ नका, पोरांना आधीच सांगून ठेवा.

युद्धाचं विचारायचंच नाही, बैलाचं विचारायचं. मी विचारलं की भरती झाला तेव्हा घरी बैल कुठले होते? त्यावर सांगोल्याच्या बाजारातनं आणलेली खिलार जोडी, ती कुणी हाकत आणली, भरतीला जायच्या दिवशी कुठला बैल आजारी होता, असं करत करत गडी आपोआप बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरला पोचला. तिथं मेसमध्ये गव्हाची रोटी मिळायची आणि ह्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणीची आठवण यायची, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

कुठं विचारायचं हे पण महत्त्वाचं आहे. घरात सोप्यात बसून नाही. आमच्याकडं शेतीची लाईट रात्रीची असते, तर मी त्यांच्याबरोबर दारं धरायला जायला लागलो. रात्री दीड वाजता बॅटरी लावून बांधावर बसायचं, एक वाफा भरला की खोऱ्यानं दारं मोडून पाणी पुढच्यात सोडायचं, आणि मधल्या दहा मिनिटांत माणूस बोलतो. अंधारात तोंड दिसत नाही म्हणून असेल. एका रात्री वाफा भरत आला होता आणि आण्णा एकदम म्हणले, "तिकडं पूर्वेला जिकडं बघंल तिकडं पाणीच, खंदक खांदला की निम्मा पाण्यानं भरायचा. तवा वाटायचं ह्यातलं उलीसं पाणी आपल्या रानाला पायजे होतं." हे 1971 च्या डिसेंबरचं, बांगलादेशच्या लढाईतलं. आणि पुढच्या वर्षी सुट्टीवर आले तर इथं बहात्तरचा दुष्काळ, विहिरी आटलेल्या, आणि आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. मी तेव्हा काहीच बोललो नाही, बॅटरी बंद केली. असल्या वेळी पुढचा प्रश्न विचारायचा नसतो.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात सांगतो. मोबाईल त्यांच्या बंडीच्या खिशात ठेवा, हातात धरून बसू नका. पाण्याच्या मोटारीजवळ बसू नका, माझं दोन तासांचं रेकॉर्डिंग नुसतं घर्रर्र आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच फाईलला तारीख आणि विषय टाका (नवीन रेकॉर्डिंग 37 वगैरे ठेवलं तर सहा महिन्यांनी डोकं आपटायची वेळ येते), आणि एक कॉपी दुसरीकडं कुठंतरी ठेवा.

आता तारखा. जुन्या माणसाची तारीख इंग्रजी महिन्यात विचारली की चुकते, पिकावर विचारली की बरोबर येते. 1965 ची पाकिस्तानबरोबरची लढाई सप्टेंबरात ऐन जोरात होती आणि 23 सप्टेंबरला थांबली, म्हणजे आपल्याकडं ज्वारीच्या पेरणीची गडबड, हत्तीच्या (हस्त नक्षत्राच्या) पावसाच्या जरा आधी. 1971 ची 3 डिसेंबरला सुरू झाली, 16 ला ढाक्यात शरणागती, म्हणजे ज्वारी पोटऱ्यात (कणीस अजून आतच) नायतर निसवलेली (कणीस बाहेर पडलेली), हुरड्याला अजून थोडा अवकाश. 1962 ची चीनबरोबरची 20 ऑक्टोबर ते 21 नोव्हेंबर, त्यात दिवाळी पण येऊन गेली. आज्जीला मी विचारलं, ते लढाईवर होते तेव्हा रानात काय होतं? ती पटकन म्हणली, मालदांडी (ज्वारीची जात), आणि राखणीला मी आणि सासूबाई. झाली तारीख पक्की. जन्मतारखेवर मात्र विश्वास ठेवू नका, शाळेत मास्तरांनी टाकलेली 1 जून सगळ्या गावाची असते.

मग ट्रंक उघडायची. काळी लोखंडी पेटी, वर पांढऱ्या रंगात नंबर-नाव लिहिलेली, बहुतेक घरात माळ्यावर असते. त्यात तीन गोष्टी शोधा.

एक, डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतनं सुटताना मिळालेलं पुस्तक. भरती कधी, निवृत्त कधी, हुद्दा, मेडल, सगळं त्यात असतं. घड्यांवर फाटलेलं असतं म्हणून झेरॉक्सच्या मशीनमध्ये कोंबू नका, उन्हाच्या उजेडात मोबाईलनं फोटो काढा. ते हरवलंच असेल तर आर्मी नंबर तरी शोधा, ट्रंकेवर किंवा जुन्या पत्रावर असतोच, आणि तो टाकून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करता येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं (फौजेतले इंजिनिअर) खडकीला. सोलापुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, अर्ज कसा लिहायचा ते तिथं आधी विचारा.

दोन, मेडल. एकाच प्रकारचं मेडल पुढून सगळ्यांचं सारखंच दिसतं, आडवं धरून कडेला बघा. गोल मेडलच्या त्या बारीक कडेवर बहुतेक वेळा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. आमच्या आईनं दर दसऱ्याला चिंच लावून घासून घासून आण्णांच्या एका मेडलवरचं निम्मं नाव घालवलंय, शेवटची चार अक्षरं तेवढी राहिलीत. तुम्ही कोरड्या फडक्यानं पुसा, बास. पूर्वी स्टार असेल तर पूर्व आघाडी, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिम, समर सेवा स्टार 65 चा. ह्यावरनं माणूस कुठं होता ते कळतं, जरी तो स्वतः सांगत नसला तरी.

तीन, पत्रं आणि मनीऑर्डरीच्या पावत्या. पत्रावर गावाचं नाव मिळणार नाही, 56 एपीओ नायतर 99 एपीओ असलंच काहीतरी असतं, तो लष्कराच्या पोस्टाचा पत्ता, त्यामुळं एवढ्यावरनं जागा शोधत बसू नका. मनीऑर्डरीच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी मजकूर लिहायला जागा असायची. आमच्याकडच्या एकावर फक्त एवढंच आहे: "विहिरीला लावा. बैल विकू नका."

आणि हे सगळं करताना आज्जीला बाजूला ठेवू नका, मी पहिले सहा महिने तेच केलं. फौजेत आण्णा होते पण शेती, सासू-सासरे, दोन पोरं आणि सावकार सांभाळला तिनं. तिच्याकडं ती भाकरी थापताना नायतर शेंगा फोडताना बसायचं, आणि आपण पण शेंगा फोडायच्या, नुसतं बसलं तर ती म्हणते "रिकामा हायस व्हय?" आण्णा म्हणतात विहीर पेन्शनच्या पैशातनं झाली, आज्जी म्हणते माझ्या पाटल्या मोडून झाली. मी तलाठ्याकडनं जुने फेरफार, सातबारा काढले, त्यात विहिरीची नोंद आहे पण पाटल्यांची कुठनं असणार. वहीत मी दोन्ही लिहिलंय, कोण खरं ते ठरवायला गेलो नाही. तुम्ही पण जाऊ नका, घरात रहायचंय.

लिहिताना त्यांची बोली तशीच ठेवा, "उलीसं"चं "थोडंसं" केलं की ते आण्णा राहत नाहीत, कुणीतरी मास्तर बोलल्यासारखं वाटतं. आणि डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, बँक पासबुक ह्याचे फोटो फेसबुक नायतर गावाच्या ग्रुपवर टाकू नका. म्हाताऱ्यांच्या पेन्शनवर डोळा ठेवून फोन करणारे लई झालेत.

शेवटी सोलापुरात एका झेरॉक्सवाल्याकडनं 64 पानांच्या दहा कॉपी स्पायरल करून आणल्या. मागं चार-पाच पानं मुद्दाम कोरी ठेवा, कारण वाचल्यावर म्हाताऱ्यांना अजून आठवतं. आण्णांनी चष्मा लावून दोन दिवस वाचली, युद्धाच्या पानांवर काहीच बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी मला हाक मारून पान नऊ दाखवलं. "आरं, आजारी होता तो सर्ज्या नव्हं, राज्या. पेन आण."