होम असिस्टंटमध्ये प्लेलिस्टसाठी एकच ड्रॉपडाउन

होम असिस्टंट, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर, त्यात प्रत्येक प्लेलिस्टला वेगळं बटण करत बसू नका, स्क्रीन नुसती भरून जाते आणि घरातले कोणी वापरत नाहीत. सेटिंग्जमधून हेल्पर्समध्ये जा, ड्रॉपडाउन, म्हणजे एक पर्याय निवडायची यादी, बनवा आणि प्लेलिस्टची नावं आपल्या भाषेत द्या, म्हणजे 'सकाळची भूपाळी', 'रविवार मिसळ', 'आईचे अभंग' अशी, नाशिकात रविवारी मिसळीशिवाय तसंही कोण घराबाहेर पडतं! मग एक ऑटोमेशन, म्हणजे आपोआप चालणारा नियम: ड्रॉपडाउन बदलला की निवडीप्रमाणे 'प्ले मीडिया' ही स्पीकरवर गाणं लावणारी कृती चालवायची.

आता खरी गोम. ट्रिगर, म्हणजे ऑटोमेशन सुरू करणारी घटना, निवड बदलली तरच घडतो, त्यामुळे भूपाळी संपली आणि परत भूपाळीच निवडली तर काहीच होत नाही, आणि मग सासूबाई म्हणणार तुमचं ते यंत्र बिघडलंय. म्हणून यादीत सगळ्यात वर 'निवडा' असा एक रिकामा पर्याय ठेवा, गाणं सुरू झालं की ऑटोमेशननेच ड्रॉपडाउन परत 'निवडा'वर आणायचा, आणि 'निवडा' आला तर काही करू नको अशी कंडिशन टाकायची.

आवाज प्ले मीडियाच्या आधी सेट करा, नंतर नाही, नाहीतर रात्रीच्या पार्टीचा आवाज पहाटे पाचला अख्ख्या सोसायटीला ऐकू जातो. आवाजाचा आकडा तिथे ० ते १ मध्ये असतो, पहाटेला ०.२ पुरे. शफल (गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणं) पण दरवेळी स्पष्ट ऑन किंवा ऑफ सांगा, कारण बऱ्याच स्पीकरवर आधीचंच चालू राहतं आणि हरिपाठ मधूनच सुरू होतो.