पडत्या बाजारात पुट घेताना
बाजार पडेल असं वाटलं तर कॅशमध्ये शॉर्ट करू नका, म्हणजे हातात नसलेला शेअर आधी विकू नका. तो शेअर त्याच दिवशी परत घ्यावाच लागतो. वरचं सर्किट लागलं, म्हणजे भाव दिवसाच्या कमाल मर्यादेला भिडला, तर शेअर मिळत नाही आणि ऑक्शनचा, म्हणजे एक्स्चेंजच्या लिलावाचा, भुर्दंड बसतो. त्यापेक्षा निफ्टीचा पुट, म्हणजे ठरलेल्या पातळीला विकण्याचा हक्क, विकत घ्या, तोटा फार तर प्रीमियम (त्या हक्काची किंमत) आणि खर्चाइतका.

समजा २४,००० चा पुट २०० ला घेतला. एक्स्पायरीला (मुदत संपते त्या दिवशी) निफ्टी २३,८०० खाली गेला तरच नफा. २४,००० वरून १५० अंश पडूनही तोटाच. घबराट उडाल्यावर तर घेऊच नका. तेव्हा व्हीआयएक्स (बाजाराला किती चढउतार अपेक्षित आहे ते दाखवणारा निर्देशांक) चढलेला असतो, प्रीमियम फुगलेला. भीती ओसरली की निफ्टी जागेवर असूनही पुटचा भाव उतरतो. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून आलेले गुळाच्या पट्टीचे पैसे यात घालू नका, प्रीमियम पूर्ण बुडू शकतो.