कानशिलावर प्रोब, नजर पडद्यावर

लक्ष देताना मेंदूतल्या रक्ताचा वेग कसा बदलतो हे मोजायचं मशीन सुरू करण्याआधी मी समोरच्याला एकच विचारतो : चहा झाला का? फोंड्याहून पहिली बस पकडणारा माणूस चहा-पाव झाल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, आणि कॅफीनने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळीच फोन करून बजावायचं.

ट्रान्सक्रेनियल डॉपलरची, म्हणजे कवटीतून ध्वनिलहरी सोडून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजण्याची, ही पद्धत रूने आस्लिड यांनी १९८२ साली मांडली. २ मेगाहर्ट्झचा प्रोब, म्हणजे लहरी सोडणारी नि टिपणारी कांडी, घ्या, जेल सढळ हाताने लावा. कानाच्या जरा पुढे, गालाच्या हाडाच्या वर कवटी पातळ असते, तिथे शोधायचं. मनगट गच्च धरू नका. तांदळातला खडा चाचपावा तसा बोटांनी केसभर केसभर सरकवा. साधारण ५० ते ५५ मिलिमीटर खोलीवर मेंदूची मधली धमनी फुस्स-फुस्स वाजू लागते, रक्त प्रोबकडे येताना दिसतं. काहींचं हाड जाड, आवाजच येत नाही; वयस्क बायकांत हे जास्त. दाबत बसू नका, आभार मानून सोडा. दोन्ही बाजू सापडल्या की प्रोब धरून ठेवणारा डोक्याचा पट्टा आवळा. केसांत अबोलीचा वळेसर असेल तर तो आधीच उतरवायला सांगा, नाहीतर पट्टा त्यावरून सरकतो.

मग ५ मिनिटं पडद्यावरच्या फुलीकडे नुसतं बघत बसवायचं. हाच पाया. डॉपलर वेग मोजतो, रक्ताचं प्रमाण नाही. म्हणून एकाचा सेकंदाला इतके सेंटीमीटर हा आकडा दुसऱ्याशी ताडू नका, ज्याच्या-त्याच्या विश्रांतीच्या वेगावर टक्के काढा.

मग लक्ष किती टिकतं ते बघायला पडद्यावर एक काम द्यायचं. ते कंटाळवाणंच हवं : क्षणभर दोन रेघा दिसतात, क्वचित एक आखूड असते, तेव्हाच बटण दाबायचं. ४० मिनिटं. लक्ष ढळत जातं तसा वेगही उतरतो, उजव्या बाजूला जास्त.

म्हापशाच्या एका मावशींचा वेग मात्र चढतच गेला. मी खूश! मग नजर त्यांच्या छातीकडे गेली. सुईत दोरा ओवताना धरावा तसा त्या दर रेघेला श्वास रोखून धरत होत्या. कार्बन डायऑक्साइड साठला की बारीक वाहिन्या रुंदावतात आणि वेग वाढतो. त्याचा लक्षाशी संबंध नाही. तेव्हापासून नाकाशी नळी लावून सुटणाऱ्या श्वासातला वायूही नोंदवतो.

त्यांची नोंद बाद केली. सकाळपासून बिनचहाच्या होत्या बिचाऱ्या. आधी कप हातात दिला, मग पट्टा सोडला.