वीस वर्षं तंबाखू खाऊन आता हार्ट चेकअपला निघालात? या चुका टाळा

नाईट शिफ्ट, तंबाखू, रात्री अकराला जेवण, अशी वीस वर्षं काढली आणि मग आमच्याच लाईनवरचा एक जण पंचेचाळिशीत गेला तेव्हा घाबरून चेकअपला पळालो.

पहिली चूक म्हणजे आठ दिवस आधी सगळं बंद केलं, का तर रिपोर्ट चांगला यावा. असं करू नका. नेहमीसारखंच जेवा, फक्त आदल्या रात्री दारू नको कारण ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढून येते. आणि एचबीए१सी या रक्ताच्या टेस्टमध्ये मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर दिसतेच, आठ दिवसांच्या पथ्याने ती लपत नाही.

सगळ्यात मोठी चूक केबिनमध्ये झाली. बायको शेजारी बसलेली, डॉक्टरांनी विचारलं तंबाखू? मी म्हटलं, कधीतरी. अहो, हार्टचा धोका ठरवताना तंबाखू, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, वय, घरात कोणाला कमी वयात अटॅक आला का हे सगळं एकत्र बघतात, त्यातलं एक खोटं सांगितलं की हिशोबच चुकतो. घरच्यांसमोर बोलवत नसेल तर दोन मिनिटं एकट्याने बोला. मिश्री, गुटखासुद्धा सांगायचं, नुसती सिगरेट नाही.

बीपीचं पण तसंच. जिना चढून, गेटवर चहा आणि एक चिमूट टाकून थेट मशीनसमोर बसलं तर आकडा वाढणारच. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा.

ईसीजी नॉर्मल आला की लोक पेढे वाटतात, पण तो झोपून काढलेला काही सेकंदांचा असतो, ब्लॉकेज असूनही नॉर्मल येऊ शकतो. चढावर छातीत दाटतं का, दम लागतो का, हे तुम्हीच सांगायचं.

आणि छातीवर दाब, घाम, हात किंवा जबडा दुखतोय असं आत्ता होत असेल तर गॅस म्हणून सोडा पिऊन रविवारच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, स्वतः बाईक तर अजिबात चालवू नका, १०८ ला फोन करा.

मी पंधरा दिवसांनी परत गेलो, एकटाच. दिवसाला दोन पुड्या, वीस वर्षं, आणि फ्लायओव्हर चढताना छाती भरून येते, सगळं सांगितलं. तेव्हा कुठे डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून करतात ती हार्टची तपासणी, लिहून दिली.